गेमसिंग काकांची मागची सीट

गेमसिंग काकांना मोटारसायकल उत्तम चालवता येते. फक्त मागची सीट रिकामी असली तर येत नाही.

मी वाढवून सांगत नाही. सकाळी ते तांड्यातून निघतात, फाट्यावर येतात आणि मागे बसायला कुणी मिळालं नाही, तर गाडी कडुलिंबाखाली लावून तंबाखू चोळत उभे राहतात. अर्धा तास उभे राहतील, तासभर राहतील. मग कुणीतरी पिशवी घेऊन येतं. काका विचारतात, "कुठी चालला?" तो घाटंजी म्हणाला तर काका घाटंजीला जातात, यवतमाळ म्हणाला तर यवतमाळला. त्यांना स्वतःला कुठे जायचं होतं, हा प्रश्न तिथेच मिटतो.

"पण काका, तुम्ही निघाले कुठी होते?" असं एकदा मी विचारलं.

"निघालो होतो ना," ते म्हणाले. "कुठी, थे मागं बसणारा सांगते."

याला त्यांच्याकडे कारण आहे, आणि ते कारण ते गाडी चालवताना मान पूर्ण मागे वळवून सांगतात. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरायचे. जाताना धान्य न्यायचे, येताना मीठ आणायचे. "आपल्या लोकायचा बैल कधी रिकामा चालला नाई. जातानी भरून, येतानी भरून. मंग मी रिकामी गाडी कायले नेऊ?" एवढं बोलून होईपर्यंत समोर एसटी आलेली असते. मागे बसलेला माणूस "काका, समोर!" म्हणून ओरडतो. काका मान वळवतात, एसटी चुकवतात आणि राहिलेलं वाक्य पुन्हा मागे वळून पूर्ण करतात.

आता मी कोण, तेही सांगते. मी आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर. बी.कॉम. झाले, यवतमाळच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. हे मी ओळखदेख नसलेल्या माणसालाही सांगते, तर तुम्हाला का सांगू नये? आमच्या तांड्यात एसटी येत नाही, फाट्यावरून पकडावी लागते, आणि तांड्यापासून फाटा पायी चांगलाच लांब आहे. कॉलेजची सगळी वर्षं रोज सकाळी आमच्या दारासमोर हॉर्न वाजायचा आणि काका ओरडायचे, "बेस, छोरी!" आमच्या गोरबोलीत म्हणजे, बस, पोरी. माझ्या पदवीवर विद्यापीठाचा शिक्का आहे. ते ठीकच आहे, पण विद्यापीठानं मला कधी फाट्यावर सोडलं नाही.

त्या सीटवर बसून मी काकांच्या पाठीशी किती बोलले असेन! पहिल्या वर्षी अकाउंट्समध्ये नापास झाले, ते घरी सांगायच्या आधी त्या पाठीला सांगितलं. पाठ म्हणाली, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशी उतरताना पाठ म्हणाली, "पुढच्या खेपेले होशीन." झाले. पुढे मला कळलं, की मी एकटीच नव्हते. काकांच्या मागे बसलेला प्रत्येक माणूस काही ना काही सांगायचाच. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाचा भाऊ बोलत नव्हता, कुणाला रात्री छातीत दुखायचं पण घरी कळू द्यायचं नव्हतं. "तोंडासमोर माणूस खोटं बोलते," काका म्हणायचे. "पाठीले खरं सांगते." आणि त्यातलं एक अक्षर त्यांनी कधी दुसऱ्याच्या कानावर घातलं नाही.

तर अशा माणसाच्या आयुष्यात कॅमेरा आला.

यवतमाळच्या चौकात खांबावर कॅमेरे लागले. नियम मोडला, की गाडीचा फोटो निघतो आणि दंडाचा मेसेज गाडीवाल्याच्या मोबाइलवर येतो. काकांकडे बटणांचा फोन. गाडीच्या कागदपत्रांवर नंबर मीच भरला होता, तो माझाच भरला होता. त्यामुळे नियम काकांनी मोडायचे आणि मेसेज मला यायचे. पतसंस्थेत कामात असावं, मोबाइल वाजावा आणि उघडून पाहावं तर काका!

पहिल्या फोटोत त्यांच्या मागे जमनायाडी होती. जमनायाडी ही आमच्या तांड्यातली म्हातारी. याडी म्हणजे आई, आम्ही सगळेच तिला तसं म्हणतो. डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर कोंबडी. काकांचं हेल्मेट तिच्या डोक्यावर होतं आणि काकांच्या डोक्यावर नुसती पागडी.

"काका, हेल्मेट चालवणाऱ्यानं घालायचं असतं."

"मले समोरचं दिसते ना," ते म्हणाले. "मागच्याले दिसत नाई. भेव कोणाले जास्त?"

"दोघांनी घालायचं असतं."

"अन् घमेलं तं एकच हाये." हेल्मेटला ते घमेलं म्हणतात.

म्हणून पहिल्या बोनसमधून मी त्यांना दुसरं हेल्मेट आणून दिलं. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी तिसरा माणूस बसवायला सुरुवात केली. आता डोकी तीन आणि घमेली दोन. माझ्या बी.कॉम.चा इथे काही उपयोग झाला नाही.

फोटो येत राहिले. एकात लग्नाच्या बँडमधला ढोलवाला रामधन होता, त्याच्यामागे सनईवाला, आणि ढोल मध्ये जागा होईना म्हणून काकांच्या पुढ्यात टाकीवर. ढोलाच्या वरून काकांचे फक्त डोळे दिसत होते. दुसऱ्या एका फोटोत मागे शिडी घेऊन एक माणूस बसलेला होता. हा फोटो आतापर्यंतच्या सगळ्या फोटोंपेक्षा लखलखीत. मी काकांना विचारलं, हा कोण? म्हणाले, "कॅमेऱ्याची काच पुसणारा. बिचारा शिडी घेऊन पायी चालला होता, पुढच्या चौकातली पुसाले. मनलं, बस बाप्पा." स्वतः पुसलेल्या काचेतून निघालेला पहिला फोटो त्याचा स्वतःचाच होता.

आणि प्रत्येक फोटोत काकांचा उजवा हात वर. कॅमेऱ्याला राम राम. "खांबावरचा नायक" म्हणायचे त्याला. तांड्याचा प्रमुख तो नायक. तो सगळं पाहतो, बोलत काही नाही, आणि वेळ आली की न्याय करतो. "दिसला का हात जोडाव. पण एक हात हँडलले लागते, म्हणून एकच वर करतो. त्याले समजते."

दंड ते भरायचे, तेही त्याच दिवशी. नायकानं ठरवलेला दंड भरल्याशिवाय जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे दंड झाला की काका भरून मोकळे व्हायचे आणि भरला की पुन्हा बसवायला मोकळे. दंडानं माणूस सुधारतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी दंड भरला म्हणजे भांडण मिटलं.

एक दिवस भांडण मिटलं नाही. परिवहन कार्यालयातून नोटीस आली. वारंवार गुन्हे केल्याबद्दल आपला परवाना निलंबित का करू नये, याचं कारण अमुक दिवशी समक्ष येऊन सांगा. मी ती काकांना वाचून दाखवली. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे नसाब बसन!"

नसाब म्हणजे आमची तांड्याची पंचायत. ज्याच्यावर आळ आहे तो आपली माणसं घेऊन येतो. ती सांगतात, हा माणूस आमच्या कसा कामी पडला. मग नायक निवाडा देतो, आणि निवाडा कोणत्याही बाजूनं लागला तरी गूळ वाटतात. मी काकांना समजावलं, की हे हापिस आहे, नसाब नाही. "तुम्ही फक्त म्हणा, चुकलं, आता नाही करणार." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून कार्यालयाच्या फाटकावर पोचले, तर तिथे अर्धा तांडा उभा. जमनायाडी होती. रामधन ढोल घेऊन होता. सनईवाला होता. फाट्यावरचा केशकर्तनवाला दुकान बंद करून आला होता. आणि शिडी घेतलेला तो काच पुसणारा माणूसही! काकांनी पांढरंफेक धोतर नेसलं होतं, लाल पागडी बांधली होती, काखेत कापडी पिशवी.

"काका, हे सगळे कायले?"

"साक्षीदार," काका म्हणाले. "माह्या बाजूनं."

मी त्यांना परत पाठवणार होते. पण तोवर पुकारा झाला होता.

आत अधिकारी मॅडम होत्या. शांत बाई. चष्म्यावरून त्यांनी आमच्या गर्दीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तुमचं म्हणणं काय आहे?"

"माह्यं म्हणणं हे लोक सांगतीन, बाईसाहेब."

जमनायाडी पुढे झाली. "हो माय, मले बसवलं यानं. खोटं कायले बोलू? अन् तुमच्या कागदावर एकच डाव असन. मले तं दर बाजारले बसवते! माह्या संग माह्या नातीले बी बसवते."

मी तिचा पदर ओढला. ती म्हणाली, "थांब वो छोरी, खरं सांगू दे."

रामधन म्हणाला, "आमी तिघं होतो मॅडम. ढोल धरून चार. अन् लगनसराईत तं रोजच."

केशकर्तनवाला म्हणाला, "मले तं सिग्नल तोडून नेलं होतं साहेब, यष्टी चुकू नये म्हणून. तवा तिथी कॅमेराच नोता." हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

शेवटी काच पुसणारा पुढे आला. "मॅडम, कोणी म्हणत असन की कॅमेऱ्यात खराबी हाये, तं थे खोटं. काच मीच पुसली होती. फोटो एकदम बराबर हाये."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ओठ घट्ट दाबून धरले, खिडकीकडे पाहिलं, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "कॅमेऱ्यानं पकडलं त्याच्या कितीतरी पट तुमच्याच माणसांनी सांगितलं."

"मंग?" काका छाती काढून म्हणाले. "एक तरी म्हणाला का, की हा रिकामी गाडी पळवत होता?"

मॅडमना आता हसू आलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काका, एका गाडीवर तिघं बसले आणि ती घसरली, तर या आजीबाईंचं काय होईल?"

काकांनी जमनायाडीकडे पाहिलं. तिनं दिसत नसलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

निवाडा झाला. तीन महिने परवाना निलंबित, आणि कार्यालयाच्या प्रशिक्षणाला हजर राहायचं. "या तीन महिन्यांत गाडी चालवताना दिसलात किंवा नंतर पुन्हा हेच झालं, तर परवाना रद्द करावा लागेल. कायमचा. समजलं?"

काकांनी खिशातून परवाना काढला, कपाळाला लावला आणि टेबलावर ठेवला. मग पिशवीतून गुळाची ढेप काढली.

"हे काय?"

"निवाडा झाला ना. गूळ वाटाव लागते."

"मला इथे काही घेता येत नाही. तुम्ही बाहेर वाटा." आम्ही उठलो, तशा त्या म्हणाल्या, "काका, एक विचारू? तुम्ही रोज यवतमाळला येता. तुमचं स्वतःचं काय काम असतं इथे?"

काका दारात थांबले. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "लोकायले असते ना काम," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन चौकीदारापासून गूळ वाटायला सुरुवात केली.

गाडीची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. "माह्या जवळ ठेवू नको. सकाळी कोणी उभं दिसलं तं मले राहवणार नाई."

मला वाटलं, आता काका खाटेवर पडून राहतील. पण प्रशिक्षणातून ते वेगळेच होऊन आले. तिथे एका डॉक्टरांनी डोक्याच्या जखमांबद्दल सांगितलं होतं. काका घरी आले ते थेट आमच्या ओट्यावर. "छोरी, थो डाक्टर म्हणे, डोकं म्हणजे टरबूज. वरून टणक, पडलं का खलास. अन् मी जमनायाडीच्या नातीले..." दुसऱ्या दिवसापासून ते तांड्यात घरोघर फिरू लागले. आमच्याकडे हेल्मेट प्रत्येक घरी असतं, डोक्यावर नसतं इतकंच. कुठे खाटेखाली होतं, कुठे त्यात कांदे ठेवले होते. एका घरी हेल्मेटमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली होती; पिल्लं निघेपर्यंत काका रोज जाऊन विचारून यायचे, "झालं का वो तिचं?"

ही सगळी घमेली त्यांनी फाट्यावरच्या कडुलिंबाला टांगली. आणि त्या झाडाखाली, रोज सकाळी पागडी बांधून, ते उभे राहू लागले. मागची सीट रिकामी घेऊन कुणी आला, की हात आडवा.

"ए भाऊ! रिकामा चालला का?"

"हो काका, घाई आहे."

"घाईत बी सीट रिकामीच हाये ना? हे मास्तर घाटंजीले चालले. बेस, गुरुजी. टोपी घातल्याशिवाय नाई. अन् दोघंच. तिसरा बसवशीन तं मी गाडीसमोर आडवा पडीन."

औषध कंपनीचा एक टायवाला यायचा. तो म्हणाला, "काका, कंपनीची गाडी आहे, अलाउड नाही." काका म्हणाले, "मंग कंपनीले पुण्य लागन," आणि त्याच्या मागे रामधनला बसवून दिलं. ढोल मात्र एसटीच्या टपावर गेला. डोक्यावरून गेलेली हेल्मेटं घाटंजीच्या आणि यवतमाळच्या चहाच्या टपऱ्यांवर उतरायची आणि संध्याकाळी येणाऱ्यांच्या डोक्यावर बसून परत यायची. जाताना भरून, येताना भरून. काकांनी गाडीविना तांडा हलवला होता.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली. काका स्वतः कुणाच्या मागे बसत नसत. घाटंजीला जायचं तर पायी जायचे. लोक थांबायचे, "काका, बसा ना!" ते म्हणायचे, "मी बसलो तं एका जणाची जागा गेली," आणि चालू लागायचे.

त्याच दिवसांत त्यांनी मला गाडी शिकवली. कापूस वेचून मोकळ्या झालेल्या वावरात मी गाडी चालवायची आणि ते शेजारून पळायचे. "क्लच सोड! एकदम कायले सोडते? माणसाले सोडतात तसा सोड, हळू!" मी पडले की ते आधी गाडी उचलायचे आणि मग मला विचारायचे, लागलं का. यवतमाळला आठचा आकडा काढून मी चाचणी पास झाले. तांड्यातल्या बायकांमध्ये पहिला परवाना माझा. हेही मी ओळखदेख नसलेल्या माणसाला सांगते.

परवाना हातात येऊन आठवडाही झाला नव्हता आणि तो दिवस आला. जमनायाडीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यवतमाळच्या दवाखान्यात ठरलं होतं. सकाळीच हजर राहायचं होतं, नाहीतर नंबर पुढच्या शिबिरावर जाणार. जमनायाडी आणि काका फाट्यावर उभे होते. एसटी आली नाही. तिची वाट पाहण्यात वेळ गेला. आणि नेमकी त्या दिवशी घाटंजीकडून येणारी प्रत्येक गाडी भरलेली. टायवाल्याच्यासुद्धा मागे माणूस! काकांनीच बसवायची सवय लावली होती सगळ्यांना.

मी नोकरीवर जायला फाट्यावर पोचले, तेव्हा काका तांड्याकडे तोंड करून उभे होते. त्यांची गाडी आमच्या ओट्याजवळ होती, किल्ली माझ्या पर्समध्ये.

"किल्ली दे," ते म्हणाले.

"काका, निलंबन उठायले थोडेच दिवस राह्यले. कॅमेऱ्यात आले तर कायमचं जाईल."

"जाऊ दे. हिचे डोये महत्त्वाचे हायेत." हात पुढे केलेला. या माणसाचं परवान्याशिवाय काय उरलं असतं, ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

मी किल्ली दिली नाही. तांड्याकडे धावत गेले, गाडी काढली आणि फाट्यावर आणली. झाडाची दोन हेल्मेटं काढली, एक डोक्यात घातलं. आणि कधी वाटलं नव्हतं ते शब्द माझ्या तोंडून आले, "बेस, याडी!"

काकांनी जमनायाडीच्या हनुवटीखाली पट्टा बांधला. दोनदा ओढून पाहिला. मी आरशात पाहिलं, तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, रिकामे हात लोंबकळत. जमनायाडी माझ्या पाठीला म्हणाली, "हळू चालव वो, मले ऑपरेशनले जायचं हाये, वर नाई."

नंबर मिळाला. ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर जमनायाडीनं पहिलं काय पाहिलं असेल, तर काकांचं तोंड, आणि म्हणाली, "गेमसिंग, तू किती म्हातारा झाला रे!"

निलंबन संपलं त्या दिवशी परवाना घ्यायला मी आणि काका यवतमाळला गेलो. मी चालवत नेते म्हटलं, तर ते एसटीनं आले. मी गाडी घेऊन मागून. मॅडमनी कॉम्प्युटर पाहिला. या तीन महिन्यांत एकही नवा दंड नव्हता. "तुमच्या झाडाबद्दल ऐकलं मी," त्या म्हणाल्या, आणि परवाना दोन्ही हातांनी दिला. काकांनी पुन्हा कपाळाला लावला. बाहेर आलो, तर फाटकावर रामधन. त्यानं ढोलावर अशी थाप मारली, की आतले कारकून खिडकीला आले. सनई वाजली. केशकर्तनवाल्यानं गुलाल उधळला. चौकीदारानं या वेळी न सांगता गुळाला हात पुढे केला. काच पुसणाऱ्यानं आपली शिडी भिंतीला लावली आणि चार पायऱ्या चढून ओरडला, "गेमसिंग काका झिंदाबाद!" आता पहिला कोण बसणार, यावर भांडण सुरू झालं.

काकांनी हात वर केला.

"तुम्ही व्हा पुढं, यष्टीनं. आज मी बसतो मागं," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "तू चालव."

या माणसाला मागे कसं बसायचं तेच ठाऊक नव्हतं. आधी उलट्या बाजूनं पाय टाकला. मग पागडीवर हेल्मेट बसेना. त्यांनी पागडी काढली, नीट घडी करून धोतराच्या कमरेला खोचली, आणि हेल्मेट घातलं. मी त्यांना कधी बिनपागडीचं पाहिलं नव्हतं. डोकं लहान पोरासारखं दिसत होतं.

चौकात सिग्नल लाल होता. मी थांबले. खांबावर कॅमेरा. आरशात पाहिलं, तर काकांनी दोन्ही हात जोडले होते. इतकी वर्षं एकच हात मोकळा असायचा.

शहर संपलं, दोन्ही बाजूंना पळस फुललेले होते. तेव्हा माझी पाठ ऐकू लागली.

"छोरी, त्या बाईनं विचारलं होतं ना, तुमचं काय काम असते म्हणून. काईच नसते. पोरगा पुण्याले. घरी भिंतीसंग बोलाव का?" मी समोर पाहत चालवत राहिले. मला पाठीचं काम माहीत होतं. "तुह्यी काकी या गाडीवर फाट्याच्या पुढं कधी आली नाई. मी तिले घेऊन निघालो, का फाट्यावर कोणी ना कोणी उभं. ती उतरून जाये. म्हणे, त्याले घ्या, त्याले घाई हाये, मी येतो यष्टीनं. दर खेपेले. मले वाटे, बायको चांगली हाये, समजदार हाये. जग बसवलं मागं, तिची पाळीच आली नाई." वारा जोरात होता, तरी मला सगळं ऐकू आलं. "आधी मले बसवाची हौस होती. ती गेल्यापासून सीट रिकामी पाहवत नाई. एवढंच."

मी म्हणाले, "बरं."

फाटा आला. गाडी कडुलिंबाखाली थांबली. मंडळी आधीच येऊन उभी होती, जमनायाडी सगळ्यांच्या पुढे. काका उतरायला लागले आणि थांबले.

"मोबाइल पाह्य ना. फोटो आला का?"

मी पाहिलं. "नाही काका. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, सिग्नल पाळला. कशाला येईल?"

"नाई आला?" ते म्हणाले. आवाजात खरंच नाराजी होती. "इतके फोटो काढले त्यानं माह्ये. सगळ्यायमंधी मी समोरच. एक मागं बसलेला पाह्यजे होता."

"तसेच बसून राहा," मी म्हणाले, आणि मोबाइल जमनायाडीच्या हातात दिला. कुठे दाबायचं ते दाखवलं. तिनं ऑपरेशन न झालेला डोळा मिटला, दुसरा वटारला, आणि "हालू नको रे गेमसिंग!" म्हणून दाबलं.

फोटो वाकडा आला. माझं अर्धंच तोंड त्यात आहे. काका मात्र पूर्ण आले, हेल्मेटसकट, दोन्ही हात जोडून.